रक्ताच्या कर्करोगावर संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा या आजारांवर संशोधन करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अजून वाट ठरवणाऱ्यांचे आहेत, मधले प्रयोगशाळेत शिरलेल्यांचे आणि शेवटचे कुठेतरी अडकलेल्यांचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखाद्या मुद्द्याची दुसरी बाजू इतरत्र असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ल्युकेमियावर संशोधन करणारा माणूस दिवसभर नेमकं करतो काय? सूक्ष्मदर्शकातून बघत बसतो का?

सूक्ष्मदर्शकापुढचा वेळ बहुतेकांच्या वाट्याला फार थोडा येतो. या क्षेत्रात ढोबळमानाने चार जातीची माणसं असतात. एक, प्रयोगशाळेत पेशी वाढवणारे आणि जनुकांशी खेळणारे. दोन, रुग्ण तपासणारे आणि औषधांच्या चाचण्या चालवणारे डॉक्टर. तीन, डीएनए-आरएनएच्या माहितीच्या ढिगातून अर्थ काढणारे संगणकवाले. चार, हजारो लोकांच्या नोंदी वर्षानुवर्षं पाहून आजार कुणाला आणि का होतो हे शोधणारे साथरोगतज्ज्ञ.

पहिल्या प्रकारच्या माणसाचा दिवस असा जातो: सकाळी इनक्युबेटरमधल्या पेशींना नवं माध्यम द्यायचं, दुपारी फ्लो सायटोमीटरवर (लेझरने एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) आधी राखून ठेवलेली वेळ गाठायची, संध्याकाळी आकडे मांडायचे. आणि मधेच हॉस्पिटलमधून फोन आला की हातातलं सगळं बाजूला ठेवून नमुना घ्यायला जायचं. तो फोन कधीही येतो. या पेशाचं वेळापत्रक नमुना ठरवतो, हे आधीच ओळखून असलेलं बरं.

२. इतर कर्करोगांच्या मानाने रक्ताच्या कर्करोगातलं संशोधन नेहमी पुढे असतं असं ऐकतो. ते का?

कारण साधं आहे: आजार सुईने काढता येतो. फुफ्फुसातल्या किंवा मेंदूतल्या गाठीचा तुकडा मिळवायला मोठी उठाठेव करावी लागते, आणि उपचार चालू असताना तो पुन्हा पुन्हा घेणं जवळपास अशक्य. ल्युकेमियात निदानाच्या दिवशी, उपचारानंतर, आजार उलटल्यावर असे एकाच माणसाचे अनेक नमुने मिळतात. पेशी आधीच सुट्या असतात, त्यामुळे त्या मोजता, रंगवता आणि वेगळ्या करता येतात.

म्हणून बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा इथे घडल्या. १८४५ मध्ये विर्शो आणि बेनेट या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे ल्युकेमियाचं वर्णन केलं, आणि ‘पांढरं रक्त’ या अर्थाचं नाव विर्शोने १८४७ मध्ये दिलं. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन ल्युकेमिया झालेल्या १६ पैकी १० मुलांत तात्पुरता उतार दाखवला. ते औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाकडून आलं होतं. १९६० मध्ये नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात एक खुजं गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केल्यामुळे ते तसं दिसतं. त्या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या प्रथिनाला अडवणारं इमॅटिनिब २००१ मध्ये मंजूर झालं. खुजं गुणसूत्र दिसल्यापासून गोळी हातात पडेपर्यंत ४१ वर्षं गेली. ‘पुढे असणं’ म्हणजे किती वेगाने पुढे असणं, याचा अंदाज यावरून करावा.

३. यासाठी डॉक्टर असणं आवश्यक आहे का?

नाही. पण तुम्हाला कोणता प्रश्न सोडवायचा आहे त्यावर उत्तर बदलतं. रुग्णाला औषध देऊन त्याचा परिणाम तपासायचा असेल, तर वैद्यकीय पदवी आणि रक्तविकारातलं विशेष प्रशिक्षण हवंच. पेशीत काय बिघडलं ते शोधायचं असेल, तर जीवशास्त्र, जैवरसायन किंवा तत्सम विषयातली पीएच.डी. पुरते.

दोन्ही पदव्या करणारे लोकही आहेत. त्यांचा फायदा असा, की वॉर्डात पडलेला प्रश्न ते थेट प्रयोगशाळेत नेऊ शकतात. तोटा असा, की दोन्हीकडे अर्धाच वेळ मिळतो आणि वॉर्डाची निकड नेहमी जिंकते. हा मार्ग धरायचा असेल तर नोकरी घेतानाच संशोधनाचा राखीव वेळ लेखी मागून घ्या. तोंडी ठरलेला ‘आठवड्याचे दोन दिवस’ दुसऱ्या महिन्यापासून एक दुपार होतो.

४. स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत किती वर्षं जातात?

देशागणिक फरक आहे, पण साधारण हिशेब असा: पदवी ३ ते ५ वर्षं, पीएच.डी. ४ ते ६, त्यानंतर पोस्टडॉक ३ ते ५ आणि कधी कधी दोनदा. डॉक्टरच्या वाटेने वैद्यकीय पदवी ५ ते ६, त्यापुढे अंतर्गत वैद्यक किंवा बालरोगाचं प्रशिक्षण, मग रक्तविकाराचं आणखी २ ते ३ वर्षं. दोन्ही वाटांनी पस्तिशी सहज गाठली जाते. आणि प्रत्येक पोस्टडॉकला प्रयोगशाळा मिळतेच असं नाही. त्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

५. मी संगणक / पशुवैद्यक / फार्मसी शाखेतून आहे. माझा इथे काही उपयोग आहे का?

संगणकवाल्यांची तर चणचण आहे. फक्त एक अट: आकड्यांमागची पेशी समजून घ्या. नेहमीची चूक अशी, की आजार उलटल्यावरचे सगळे नमुने एका आठवड्यात आणि निदानाच्या वेळचे दुसऱ्या आठवड्यात सीक्वेन्सिंगला (डीएनए-आरएनएचा क्रम वाचायला) जातात. मग विश्लेषणात जो ठळक फरक दिसतो, तो आजाराचा नसून दोन आठवड्यांतल्या रसायनांच्या बॅचचा असतो. हे संगणकावर नंतर निस्तरता येत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. नमुने कसे पाठवायचे हे ठरवणाऱ्या बैठकीला आधीच बसा.

पशुवैद्यकांना उंदरांवरच्या प्रयोगांत मोठी मागणी असते. कुत्र्यांत नैसर्गिकपणे होणारा लिम्फोमा हासुद्धा अभ्यासाचा विषय आहे. फार्मसीतल्यांना औषधाची रक्तातली पातळी, मात्रा आणि एकमेकांवरचे परिणाम पाहण्याचं काम मिळतं.

६. पीएच.डी.साठी गाइड निवडताना काय विचारावं?

गाइडच्या पेपरांची संख्या कुणालाही शोधता येते. विचारायचं ते हे: नमुन्यांचा साठा आहे का, आणि त्यात उपचाराच्या नोंदी जोडलेल्या आहेत का? नैतिकता समितीची परवानगी माझ्या विषयाला लागू पडते का, की नवी घ्यावी लागेल? नवी परवानगी महिनोन्‌महिने घेऊ शकते आणि तोवर तुमचं पहिलं वर्ष संपतं. फ्लो सायटोमीटर स्वतःचा आहे की सामायिक? मागच्या पाच विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली आणि ते आता कुठे आहेत?

शेवटचा प्रश्न गाइडला विचारू नका, त्या विद्यार्थ्यांना विचारा.

७. रुग्णाचा नमुना आल्यावर पहिल्या काही तासांत काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर लांबलचक देणं भाग आहे, कारण इथे झालेली चूक पुढे कुठल्याही महागड्या यंत्राने भरून निघत नाही.

आधी नळी बघा. डीएनए, आरएनए आणि फ्लो सायटोमेट्रीसाठी ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी चालते. गुणसूत्रं पाहायची असतील तर पेशी जिवंत राहून विभागल्या पाहिजेत, म्हणून सोडियम हेपॅरिनची नळी लागते. पण हेपॅरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याच्या पद्धतीला) अडथळा करतं, त्यामुळे एकाच हेपॅरिन नळीतून दोन्ही कामं उरकण्याचा मोह टाळा.

मग हाडातून सुईने काढलेल्या मज्जेचा हा कितवा ओढा आहे ते विचारा. सिरिंजमध्ये पहिल्या ओढ्याला येणारे एक-दोन मिलिलिटर खरी मज्जा असते. त्याच जागेवरून पुढे ओढत राहिलं की साधं रक्त मिसळत जातं. पहिला ओढा निदानासाठी जातो आणि तो तसाच जायला हवा, रुग्णाचा हक्क आधी. पण मग संशोधनाला आलेला नमुना पातळ आहे हे नोंदवून ठेवा. मज्जा काढणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, संमती असेल तर, दुसऱ्या ओढ्याआधी सुई थोडी सरकवायला सांगता येतं.

पेशी वेगळ्या करताना नमुना खोलीच्या तापमानाला हवा. सलाइन बफरमध्ये निम्म्याने पातळ करा, १.०७७ घनतेच्या द्रावावर नळी तिरकी धरून अलगद सोडा, गुरुत्वाच्या ४०० पट वेगावर ३० मिनिटं फिरवा आणि सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवा. ब्रेक चालू राहिला तर थांबताना थर ढवळले जातात आणि मधला पांढरट पट्टा नाहीसा होतो. नवशिक्यांचा निम्मा आक्रोश या एका बटणाचा असतो. पट्टा उचलून दोनदा धुवा, मोजा, आणि व्हायलमागे (गोठवायच्या लहान नळीमागे) ५० लाख ते १ कोटी पेशी ठेवून गोठवा.

यात दोन अपवाद आहेत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात बीसीआर-एबीएलचं (प्रश्न २ मधल्या अदलाबदलीतून झालेल्या जनुकाचं) प्रमाण मोजायचं असेल तर ही घनतेची पद्धत वापरू नका. परिपक्व ग्रॅन्युलोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जड असल्यामुळे तळाला जातात आणि आजाराचा मोठा हिस्सा तिथेच राहतो. तांबड्या पेशी रसायनाने फोडून सगळ्या पांढऱ्या पेशी घ्या. दुसरा अपवाद मायलोमाचा: त्यात बिघडणाऱ्या प्लाझ्मा पेशींच्या अंगावरचं सीडी१३८ हे ओळखचिन्ह नमुना पडून राहिला की गळून पडतं. हा नमुना उद्यावर टाकू नका.

व्हायलवर सांकेतिक क्रमांक आणि तारीख. वहीत किंवा डेटाबेसमध्ये नमुना काढल्याची वेळ, गोठवल्याची वेळ, आजाराचा टप्पा, तोवर मिळालेली औषधं आणि ब्लास्ट (अपरिपक्व कर्करोगी) पेशींची टक्केवारी. टक्केवारी न लिहिलेली व्हायल दहा वर्षांनी कुणाच्याच कामाची नसते.

८. गोठवलेल्या पेशी वितळवल्या की निम्म्या मरतात, उरलेल्यांचा चिकट गोळा होतो. काय चुकतंय?

गोळा होतो तो मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या डीएनएमुळे. माध्यमात डीनेज (डीएनए तोडणारं विकर) आणि त्याला लागणारं मॅग्नेशियम घातलं की चिकटपणा सुटतो.

मरण्याची कारणं तीन. गोठवताना तापमान मिनिटाला साधारण १ अंशाने उतरायला हवं. व्हायल थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकली तर पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक होतात. नंतर ती उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने विसरली गेली असेल, तर पेशी हळूहळू मरतच असतात. ती जागा एक-दोन रात्रींपुरती आहे. आणि वितळवताना घाई-दिरंगाई उलटी होते. ३७ अंशांच्या पाण्यात बर्फाचा लहानसा खडा उरेपर्यंतच धरायचं, हे काम झटपट. त्यानंतर माध्यम मात्र थेंबाथेंबाने घालून दहापट पातळ करायचं. इथे पिपेट एकदम रिकामं केलं तर १० टक्के डीएमएसओत (गोठवताना पेशींना जपणाऱ्या द्रवात) बसलेल्या पेशी पाणी शोषून फुटतात.

तरीही काही नमुने वाचत नाहीत. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींना वाढघटक दिले नाहीत तर एक-दोन दिवसांत त्या आपणहून मरू लागतात. त्या वेळी औषधाचा परिणाम मोजत असाल, तर औषधाच्या नावावर उपासमारीचे बळी खपतात. बिनऔषधाची वाटी प्रत्येक वेळी मोजायचीच.

९. रुग्णाचे नमुने मिळत नाहीत. सेल लाइनवर सगळं काम केलं तर चालेल का?

सुरुवातीला चालेल, शेवटपर्यंत नाही. सेल लाइन म्हणजे एकाच रुग्णाच्या, प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशी. के५६२, एचएल-६०, जुर्कात या पेशी दशकानुदशकं वाढवल्या जात आहेत. वाढायला सोप्या, गोठवायला सोप्या, जनुकं बदलायला सोप्या. पण इतकी वर्षं प्लास्टिकवर जगलेली पेशी मूळ रुग्णाच्या आजारासारखी राहत नाही.

नावावरही विसंबू नका. एचएल-६० बरीच वर्षं प्रोमायलोसिटिक ल्युकेमियाची म्हणून ओळखली गेली. त्या आजाराची खूण असलेली १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल तिच्यात नाही, आणि नंतर तिचं वर्गीकरण बदलावं लागलं. दुसऱ्या प्रयोगशाळेतून ‘आणलेल्या’ लाइनवर एसटीआर (डीएनएवरून ओळख पटवणारी) चाचणी करून ती तीच आहे याची खात्री करा. मायकोप्लाझ्माची चाचणी दर महिन्या-दोन महिन्यांनी. या जिवाणूला पेशीभित्ती नसते म्हणून पेनिसिलिन त्याला काही करत नाही, आणि ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. वाटी स्वच्छ दिसते, पेशी फक्त जरा सुस्तावतात, आणि वर्षभराचे निकाल पाण्यात जातात.

१०. मग उंदरांत माणसाचा ल्युकेमिया वाढवला की प्रश्न मिटला?

अर्धाच मिटतो. प्रतिकारशक्ती जवळपास नसलेल्या उंदरांना साधारण २ ते २.५ ग्रे (किरणोत्सर्गाचं एकक) किरणोत्सर्ग देऊन शिरेतून मानवी पेशी सोडतात आणि ८ ते १६ आठवडे वाट पाहतात. १९९४ मध्ये टोरंटोत जॉन डिक यांच्या गटाने अशाच पद्धतीने दाखवलं, की तीव्र मायलॉइड ल्युकेमिया उंदरात पुन्हा उभा करण्याची ताकद फार थोड्या पेशींत असते. ल्युकेमियाच्या मूळ पेशी ही कल्पना तिथून रुजली.

अडचण अशी, की सगळे नमुने उंदरात रुजत नाहीत, आणि जे रुजतात ते बहुधा जास्त आक्रमक आजाराचे असतात. म्हणजे उंदरांतल्या निकालांत ‘सौम्य’ रुग्णांचं प्रतिनिधित्व आपोआप गळतं. किती नमुने रुजले नाहीत हा आकडा पेपरात लिहा. बरेच जण लिहीत नाहीत, आणि तो चोखंदळ वाचकाला लगेच खटकतो.

११. उपचारानंतर उरलेला आजार मोजायचा आहे. किती पेशी तपासाव्यात?

‘दहा हजारांत एक’ असं संवेदनशीलतेचं बोलणं सोपं आहे, पण त्याची किंमत पेशींत मोजावी लागते. फ्लो सायटोमेट्रीत खात्रीने एक पुंजका म्हणायला निदान २० पेशी एकत्र दिसाव्या लागतात असं धरलं, तर दहा हजारांत एकसाठी २ लाख पेशी आणि लाखात एकसाठी २० लाख पेशी यंत्रातून जायला हव्यात. ५० हजारच गेल्या असतील तर ‘आजार सापडला नाही’ असं लिहिण्याआधी थांबा. तुम्ही पुरेसं शोधलंच नाही.

पीसीआरमध्ये हेच गणित नियंत्रक (तुलनेसाठी मोजलेल्या) जनुकाच्या प्रतींचं असतं. बीसीआर-एबीएलच्या मोजणीत ४ लॉग (म्हणजे दहा हजारपट) घट जाहीर करायला एबीएल१ या नियंत्रक जनुकाच्या किमान १० हजार प्रती, आणि ४.५ लॉगसाठी ३२ हजार प्रती लागतात. आणि पातळ झालेली मज्जा हा सापळा इथेही आहेच, प्रश्न ७ पाहा.

१२. संख्याशास्त्र किती यायला हवं? शेवटी कुणीतरी संख्यातज्ज्ञ असतोच ना?

तो असतो, पण त्याच्याकडे तुम्ही डेटा घेऊन पोचता तेव्हा चूक होऊन गेलेली असते. रक्ताच्या कर्करोगात दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत, की त्या स्वतःला ओळखता आल्याच पाहिजेत.

पहिली: प्रत्यारोपण झालेले आणि न झालेले रुग्ण यांची निदानाच्या दिवसापासून तुलना. प्रत्यारोपणापर्यंत पोचायला चार-सहा महिने जगावं लागतं. त्याआधी दगावलेला प्रत्येक जण आपोआप दुसऱ्या गटात पडतो. प्रत्यारोपणाने काहीच केलं नाही तरी तो गट सरस दिसेल. उपाय म्हणजे ठरावीक दिवस धरून त्या दिवशी जिवंत असणाऱ्यांचीच तुलना करायची, किंवा प्रत्यारोपण ही काळानुसार बदलणारी बाब म्हणून मांडायची.

दुसरी: आजार उलटण्याचं प्रमाण कॅप्लन-मायर आलेख (काळागणिक किती जण अजून आजाराविना आहेत ते दाखवणारा) उलटा करून काढणं. जो रुग्ण संसर्गाने गेला त्याचा आजार आता कधीच उलटणार नाही, पण हा आलेख त्याला ‘पुढे उलटू शकेल’ असं धरतो आणि आकडा फुगतो. इथे स्पर्धक घटना धरून संचयी प्रमाण काढायचं असतं.

१३. बदल कर्करोगातला आहे की जन्मजात, हे ठरवायला त्याच रुग्णाचा निरोगी डीएनए लागतो. तो कुठून घ्यायचा? लाळ चालेल ना?

इतर कर्करोगांत रक्त घेतात. इथे रक्तच आजारी आहे. लाळ सोयीची वाटते, पण तिच्यात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, म्हणजे ल्युकेमियाचा डीएनएही. आजार जोरात असताना घेतलेल्या लाळेत कर्करोगाचे बदल दिसतात आणि विश्लेषणात ते ‘जन्मजात’ समजून वगळले जातात. टी पेशी वेगळ्या करून घेतल्या तरी पूर्ण खात्री नाही; डीएनएमटी३ए जनुकातला बदल पूर्वज मूळपेशीत झालेला असेल तर तो टी पेशींतही सापडतो.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्वचेचा लहान तुकडा घेऊन त्यातल्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) वाढवणं. याला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून निदानाच्याच सुमारास संमती घेऊन काम सुरू करा. आजार पूर्ण उतरल्यावरचं रक्त हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय.

दुसऱ्याच्या मज्जेचं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात तर रक्ताचा डीएनए दात्याचा असतो आणि लाळेत दोघांचा मिसळलेला. अशा नमुन्यावर ‘कुटुंबातला आनुवंशिक दोष’ शोधलात तर दात्याचा सापडेल.

निरोगी म्हणून घेतलेल्या वयस्कर माणसांच्या रक्तातही असे बदल असू शकतात. सत्तरीपुढच्या साधारण १० टक्के लोकांत ल्युकेमियाशी नातं असलेले बदल आजाराविनाच दिसतात, असं २०१४ च्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. तुलनेसाठी विशीतले विद्यार्थी घेतले तर ही गोष्ट तुमच्या नजरेतून पूर्ण निसटते.

१४. या पेशी हाताळताना मला कर्करोग लागू शकतो का?

निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती परक्या पेशींना परकं ओळखून मारते, त्यामुळे ती भीती फार ताणू नका. खरा धोका नमुन्यातल्या विषाणूंचा आहे: हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही. हिपॅटायटिस बीची लस काम सुरू करण्याआधी पूर्ण करा, सुईवर टोपण परत बसवू नका, टोचलं तर लपवू नका. एचआयव्हीसाठीचा प्रतिबंधक उपचार पहिल्या काही तासांतच सुरू व्हायला लागतो.

स्वतःच्या पेशींचा नियम वेगळा आहे. निरोगी नमुना हवा म्हणून स्वतःचं रक्त काढून त्यावर विषाणू वापरून पेशी अमर करणं किंवा कर्करोगाचं जनुक घालणं कधीही करू नका. त्या पेशी अपघाताने अंगात गेल्या तर तुमची प्रतिकारशक्ती त्यांना आपलंच मानेल. हाताखालच्या विद्यार्थ्याचं रक्त मागणंही टाळा. त्याला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, आणि ती संमती खरी राहत नाही.

१५. मला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. हे क्षेत्र बंद समजू का?

नाही. फ्लो सायटोमेट्रीच्या आलेखांचे रंग बदलता येतात. अडचण येते ती रंगवलेल्या काचपट्टीवरून निदान करताना, आणि ते काम संशोधकाने एकट्याने करायचं नसतंच.

१६. तीन वर्षं काम केलं आणि दुसऱ्या गटाने तेच आधी छापलं. आता काय?

२००५ मध्ये जेएके२ जनुकातला एकच बदल चार गटांनी स्वतंत्रपणे, काही आठवड्यांच्या फरकाने छापला. चारही पेपर आजही उद्‌धृत होतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे हातातलं लिखाण लगेच पाठवा. अनेक नियतकालिकं काही महिन्यांच्या आत आलेलं तेच संशोधन ‘उशिरा आलं’ म्हणून नाकारत नाहीत. दुसरं, त्यांचा पेपर ओळ न ओळ वाचा. त्यांचे रुग्ण वेगळे असतील, एखादी गोष्ट त्यांनी पाहिलीच नसेल. तुमचे निकाल वेगळे निघाले असतील तर तोच खरा पेपर आहे.

१७. पहिल्या ग्रँटचा अर्ज बहुतेक कशावर फेटाळला जातो?

दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर टांगलेलं असतं. ‘आधी जनुक शोधू, मग त्यावर औषध तपासू’. जनुक सापडलं नाही तर पुढची दोन वर्षं काय करणार, हा परीक्षकाचा पहिला प्रश्न. उद्दिष्टं दोन-तीनच ठेवा आणि ती एकमेकांना लागून पण स्वतंत्र उभी राहतील अशी रचा.

दुसरं कारण नमुन्यांची संख्या. तुमच्याकडे दरवर्षी किती रुग्ण येतात, त्यातले किती संमती देतात, किती नमुने वापरण्याजोगे निघतात, या तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून लिहा. आजार दुर्मीळ असेल तर दुसऱ्या केंद्रांची सहमतीपत्रं जोडा. नुसतं ‘नमुने उपलब्ध आहेत’ यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

१८. विद्यापीठात जागा मिळाली नाही तर एवढं शिक्षण वाया गेलं का?

औषध कंपन्यांतलं संशोधन, चाचण्यांचं व्यवस्थापन, निदान प्रयोगशाळा, औषध नियामक संस्था, वैज्ञानिक संपादन, नमुना-बँक. या सगळ्यांना रक्तविकार समजणारी माणसं लागतात. २०१७ मध्ये पहिल्या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या) मंजुरी मिळाल्यापासून पेशी-उत्पादनात तर नवीच मागणी आली आहे. तिथे निर्जंतुक काम, गुणवत्ता नोंदी आणि फ्लो सायटोमेट्री येणारा माणूस हवा असतो, आणि पेपरांची यादी फारशी कुणी विचारत नाही.

१९. संशोधनात रुग्णाला जन्मजात दोष असल्याचं दिसलं. त्याला सांगायचं का?

तुम्ही थेट सांगायचं नाही, आणि गप्पही बसायचं नाही. आधी संमतीपत्र बघा: असे निष्कर्ष कळवावेत की नाही, हे रुग्णाने तिथे निवडलेलं असतं. नसेल तर नैतिकता समितीकडे जा. कळवायचं ठरलं तर संशोधनातला निकाल रुग्णाच्या हाती देता येत नाही. नवा नमुना घेऊन मान्यताप्राप्त निदान प्रयोगशाळेत तो पक्का करावा लागतो, आणि मग उपचार करणारे डॉक्टर व जनुक-समुपदेशक बोलतात. नमुना त्वचेचा हवा, कारण प्रश्न १३.

घाई करावी लागते अशी एक परिस्थिती आहे. आरयूएनएक्स१, जीएटीए२ किंवा डीडीएक्स४१ या जनुकांत दोष आहे आणि रुग्णाच्या भावंडाची मज्जा प्रत्यारोपणासाठी घ्यायचं ठरतंय. तोच दोष भावंडातही असू शकतो. अशा वेळी समितीच्या पुढच्या मासिक बैठकीची वाट पाहू नका. अध्यक्षांना त्याच दिवशी कळवून तातडीचा निर्णय मागा.

२०. संशोधन करतो म्हटल्यावर ओळखीचे लोक रिपोर्ट पाठवून उपचार विचारतात. काय उत्तर द्यावं?

तुम्ही उपचार करणारे डॉक्टर नसाल तर मात्रा, औषध, ‘अजून किती दिवस’ यांतलं काहीही सांगू नका, अंदाजानेसुद्धा. रिपोर्टमधल्या शब्दाचा अर्थ सांगणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून देणं आणि चालू चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही कशी शोधायची ते दाखवणं, एवढं करता येतं. घरच्या माणसाचा नमुना स्वतःच्या प्रयोगशाळेत ‘जरा बघू’ म्हणून चालवू नका. चूक निघाली तर ती दुरुस्त करणारी यंत्रणा तिथे नसते.

२१. प्रयोगशाळा सोडताना माझे नमुने आणि डेटा सोबत नेता येतात का?

‘माझे’ हा शब्द इथे लागू होत नाही. नमुने रुग्णांनी संस्थेच्या स्वाधीन केलेले असतात. ते हलवायचे तर दोन्ही संस्थांमध्ये साहित्य-हस्तांतराचा करार, संमतीपत्रात तशी मुभा आणि नव्या जागी परवानगी, या तीनही गोष्टी हव्यात. डेटाचंही तसंच, रुग्णाची ओळख उघड होईल अशी फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून नेणं हा सरळ नियमभंग आहे. सेल लाइन आणि प्लाझ्मिड (जनुकं पेशीत नेणारे डीएनएचे वर्तुळाकार तुकडे) यांना कराराशिवाय हात लावू नका.

करार व्हायला वेळ लागतो, म्हणून निघण्याच्या तीन-चार महिने आधी अर्ज करा. दरम्यान द्रव नायट्रोजनच्या टाकीतली प्रत्येक पेटी उघडून व्हायली यादीशी ताडा, पुसट झालेली लेबलं पुन्हा लावा आणि यादीची छापील प्रत टाकीजवळ ठेवा. हे काम सुकं बर्फ घेऊन, एका वेळी एकच पेटी बाहेर काढून करायचं.